तू पाठवलेली खुर्ची

दादा,

आणि हो, तू पाठवलेली खुर्ची भारीच आहे. प्रॉब्लेम तोच आहे! स्ट्रोकनंतर घरी आल्यापासून बाबा तिच्यातून उठतच नव्हते. पाणी, पेपर, रिमोट, सगळं आम्ही प्रेमाने हातात द्यायचो. शेवटी फिजिओताई वैतागल्या. "अहो, त्यांना नुसतं बसवून ठेवू नका, अधूनमधून उभं राहायला काहीतरी कारण द्या!"

कारण काय देणार? मग आपलं सलून आठवलं. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून बाबा आपल्याला वर बसवायचे आणि हवेत कात्री वाजवत म्हणायचे, "हललं की कान माझा!" दिवसभर गिऱ्हाईकं बसलेली आणि बाबा उभे.

म्हणून काल त्यांना पलंगावर बसवलं आणि खुर्चीत मीच बसले.

"बाबा, केस कापा ना."

"वेडी आहेस का? डावा हात चालत नाही."

"कात्री उजव्या हातात असते."

आई म्हणाली, "कापा हो, नाहीतरी हिला कोण बघतंय!"

बाबा हसले. आईच्या आधाराने उठले, डावा हात उजव्याने उचलून खुर्चीच्या पाठीवर टेकवला आणि हवेत कात्री वाजवली. दादा, तो आवाज! रडू येत होतं, तरी मी हलले नाही.

केस वाकडेच झालेत. बाबा म्हणाले, "उद्या सारखे करू."

हे पत्र पाठवत नाही, कारण "पडले असते तर?" म्हणून तू फोनवर ओरडशील. पण पुढच्या महिन्यात येशीलच, डोक्यावर जंगल घेऊन. तेव्हा त्या खुर्चीत कोणी बसायचं, तुला काय वाटतं?

तुझी अर्धी भादरलेली,
छोटी