पाड्यावरचे पंखे

२ सप्टेंबर २००७, रविवार

...‘पब्लिश’वर क्लिक करणार, एवढ्यात वीज गेली. रविवारीही लोडशेडिंग. सगळा मजकूर गेला. वीज आल्यावर पुन्हा लिहिला. दुसऱ्यांदा जास्त चांगला उतरला. विशेषतः नवसाचा परिच्छेद.

ब्लॉगचं नाव ‘ओंजळ’. बायकोने, ज्योत्स्नाने, सुचवलेलं नाव ‘तांदूळ पाठवा’. नाव म्हणून ते चालत नाही.

मुद्दा स्पष्ट मांडला आहे. सुरगाण्याच्या पुढे एक पाडा. चौथीपर्यंत शाळा. दिवाळी झाली की मुकादमाची जीप येते आणि भात काढून मोकळी झालेली घरं दिंडोरीला द्राक्षबागांवर जातात. पोरांसकट. शाळा होळीपर्यंत ओस. मुलांना मागे ठेवायचं तर निजायला समाजमंदिर आहे. स्वयंपाक करायला अंबूबाई तयार आहे. लागतं ते फक्त धान्य, तेल आणि पांघरुणं. नवसा चौथीत आहे. फेब्रुवारीत स्कॉलरशिपला बसायची आहे. गोरक्ष गुरुजी म्हणतात, या शाळेतून आजवर कुणी बसलेलं नाही.

पंधरा ऑगस्टला तिथे झेंड्याखाली मी सांगितलं, यंदा एकही मूल जीपमध्ये चढणार नाही. टाळ्या. भाषण आधी ठरलेलं नव्हतं. गोरक्षने नुसतं दोन शब्द बोला म्हटलं होतं.

९ सप्टेंबर, रविवार

हिट काउंटर बसवला. पहिल्याच आठवड्यात शंभरावर. ज्योत्स्ना म्हणाली, अहो, तुम्ही पान उघडलंत की तो आकडा सरकतो. मी म्हटलं, सगळे माझे नसतील. तिने माउस हातात घेतला, पान उघडलं. आकडा सरकला. म्हणाली, हा एक माझा.

ऑर्कुटवर कम्युनिटी काढली. प्रतिसाद उत्तम. ‘डोळ्यांत पाणी आलं.’ ‘असंच लिहीत राहा.’ ‘फॉन्ट कुठला वापरता?’

धान्य अजून नाही. लोकांच्या मनात आधी विषय रुजावा लागतो.

१७ सप्टेंबर, सोमवार

डिजिटल कॅमेरा घेतला, हप्त्यावर. ज्योत्स्ना म्हणाली, एवढ्या पैशांत ती मुलं होळीपर्यंत जेवली असती. तिला गुंतवणूक कळत नाही.

काल पाड्यावर जाऊन फोटो काढले. नवसा सारखी हसत होती. हसू नको म्हटलं तर आणखी हसायची. तिची आई कुसाबाई बांधावर उभी होती. म्हणाली, हसंना का. रडायला काय झालंय तिला?

शेवटी नवसा शिंकायच्या आधीचा एक फोटो मिळाला. तो लावला आहे. ‘भविष्याकडे पाहताना’.

२७ सप्टेंबर, गुरुवार

मार्ग सापडला.

ऑफिसातल्या मनोजच्या वडिलांचं श्राद्ध म्हणून सकाळी रामकुंडावर गेलो होतो. कुठकुठून माणसं आलेली. एरवी चहाचे पैसे दुसऱ्याने काढायची वाट बघणारा मनोज तिथे मागेल त्याला देत होता. मी विचारलं, ‘ओंजळ’ला का देत नाहीस? म्हणाला, किशोर, तुझ्या ब्लॉगवर माझे वडील कुठे आहेत?

घरी येऊन लगेच लिहिलं. ‘या पितृपक्षात आपल्या वाडवडिलांच्या नावे पाड्यावरच्या लेकरांना द्या. देणगी रोख अथवा वस्तुरूपात. नाव घालू.’ ऑर्कुटवर टाकलं, याहू ग्रुपवर टाकलं, ओळखीच्या सगळ्यांना मेल केला.

ज्योत्स्नाने वाचलं. म्हणाली, वस्तू कुठल्या ते लिहा. मी म्हटलं, दानाला यादी लावायची नसते.

४ ऑक्टोबर, गुरुवार

फोन थांबत नाही. आज पहिली देणगी दारात आली. सीलिंग फॅन. नवा, खोक्यातला. तिन्ही पात्यांवर लाल रंगात अक्षरं. देणारे गृहस्थ पंचवटीतले, वडील मागच्या वर्षी गेले. मी नम्रपणे सुचवलं, तांदळाचं पोतं अधिक उपयोगी पडलं असतं. ते म्हणाले, साहेब, पोत्यावर नाव किती दिवस टिकणार? पोरं खाऊन मोकळी. पंख्यावर वडील राहतात.

खरं तर विचार खोल आहे. ब्लॉगवर टाकला.

११ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

आज दिवसभरात चार पंखे आणि एक भिंतीवरचं घड्याळ. कळवणहून एक कुरिअर. बाहेरच्या खोलीत चालायला जागा नाही. पूर्ण पंधरवड्यात धान्य म्हणून कुणीतरी अर्धा डबा साबुदाणा दिला. तो ज्योत्स्नाने नवरात्राला लागेल म्हणून ठेवला. मी तो परत डब्यात भरून ‘देणगी’ असं लिहिलं.

ती म्हणाली, तिथे वीज आहे का? मी म्हटलं, खांब आले आहेत.

१३ ऑक्टोबर, शनिवार

गोरक्षशी फोनवर बोललो. तो टेकडीवर चढून बोलतो, त्यामुळे वारा जास्त ऐकू येतो. म्हणाला, सर, खांब तीन वर्सांपासून उभे हायेत. तार यायची हाय. मी म्हटलं, पंखे आले की तारही येईल, मागणी दिसली पाहिजे. तो म्हणाला, सर, धान्याचं कधी?

त्याने केंद्रातल्या इतर शाळांच्या शिक्षकांकडून थोडे पैसे जमवले आहेत. नाशिकच्या घाऊक बाजारात स्वस्त पडेल म्हणून उद्या माझ्याकडे पोचते करतो म्हणाला. माणूस चांगला. दृष्टी मर्यादित.

संकल्प: दसऱ्याच्या आत बाजारात जायचं.

२२ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला. बाजारात गेलो नाही. ब्लॉगचं डिझाइन बदलत होतो. आता वरच्या पट्टीत पंख्याचं चित्र आहे.

गोरक्षचे पैसे पाकिटात वेगळे ठेवले आहेत. थोडं थोडं धान्य नेण्यापेक्षा मोठी देणगी आली की एकदम ट्रक न्यावा. त्याचे फोटोही बरे येतील.

२८ ऑक्टोबर, रविवार

आज विचार केला, पंखे विकून धान्य घ्यावं. दोन पंखे स्कूटरला बांधून मेन रोडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात नेले. दुकानदाराने पहिलं पातं पुसून वाचलं, दुसरं वाचलं, आणि हात मागे घेतला. म्हणाला, भाऊ, मेलेल्या माणसाच्या नावाखाली कोण झोपंल? मी म्हटलं, रंग काढून टाका. म्हणाला, ते तुम्हीच काढा. तुमचे ओळखीचे हायेत.

घरी घासून पाहिलं. ऑइल पेंट. एक पातं घासलं तेव्हा ‘कै.’ तेवढं गेलं. आता त्यावरून गृहस्थ हयात आहेत असं वाटतं.

ज्योत्स्ना हसली. मग बराच वेळ तिला थांबता येईना. मला त्यात विशेष काही दिसलं नाही.

३ नोव्हेंबर, शनिवार

प्रश्न सुटला. मी म्हणतच होतो.

वाल्मीकरावांचा मेल. मूळचे कळवणचे, आता न्यू जर्सीत. कळवणहून कुरिअरने आलेला पंखा त्यांच्याच भावाने पाठवलेला. पात्यांवर एकावर ‘कै.’, दुसऱ्यावर ‘पुंजा रामजी’, तिसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’. वाल्मीकराव लिहितात, ब्लॉग आवडला. होळीपर्यंतचं सगळं धान्य, तेल, पांघरुणं, अंबूबाईंचा पगार, सगळं ते देणार. पैसे लगेच पाठवतील. फक्त आधी एक फोटो हवा. बाबांचा पंखा फिरताना, खाली मुलं, पात्यावर नाव.

एवढी साधी अट. जग चांगलं आहे.

गोरक्षला कळवलं. तो म्हणाला, सर, जीप भाऊबीजेनंतर येईल. कुसाबाई रोज विचारते, पोरीला ठेवू का नेऊ. मी म्हटलं, ठेवायला सांगा. माझ्या शब्दावर.

१० नोव्हेंबर, पाडवा

पहाटेच्या गाडीने पंखा घेऊन सुरगाणा. तिथल्या मांडववाल्याकडून जनरेटर भाड्याने. गोरक्षच्या पाकिटातले पैसे तात्पुरते वळवले. वाल्मीकरावांचे आले की दामदुपटीने भरता येतील.

समाजमंदिराच्या छताला एकच हूक. पंखा टांगला. जनरेटर सुरू झाला तेव्हा कोंबड्या माळावर पळाल्या. पंखा फिरला. मुलं आधी आवाजाला घाबरली, मग खाली येऊन बसली. थंडी चांगलीच होती. नवसाने धाकट्या भावाला पदरात, म्हणजे आईच्या जुन्या लुगड्यात, गुंडाळलं. कुसाबाई दारात उभी राहून वर बघत होती. म्हणाली, लय गार लागतंय, बंद करा ना दादा.

मी म्हटलं, दोन मिनिटं.

भरपूर फोटो. संध्याकाळी नाशिकला येऊन पाठवले. गोरक्षने निघताना विचारलं, पाकिटातलं काही उरलं का. उरलं होतं. ते परतीच्या भाड्याला लागलं.

११ नोव्हेंबर, भाऊबीज

सकाळी मेल. ‘फोटो मिळाला. नाव दिसत नाही.’

पाहिलं तर खरंच. फिरणाऱ्या पंख्याची नुसती राखाडी थाळी दिसते. बंद असतानाचा एक फोटो होता. त्यात नाव ठळक. तो पाठवला. उत्तर: ‘हा बंद आहे.’

मी कळवलं, फिरताना नाव दिसणं विज्ञानाला धरून नाही. त्यांनी लिहिलं, मग हळू फिरवा. मी लिहिलं, जनरेटरवर आधीच हळू फिरतो. हे लिहायला नको होतं. त्यांनी विचारलं, जनरेटर कशाला? लोडशेडिंग, असं कळवलं. खोटं नाही. महाराष्ट्रात लोडशेडिंग आहे.

मग दोन तास उत्तर नाही. मी पान रिफ्रेश करत बसलो. जेवलो नाही. हिट काउंटर वाढला.

शेवटी मेल आला. ‘बाबांच्या नावाचा प्रश्न आहे. नाव दिसल्याशिवाय भाऊ तयार नाही.’

ज्योत्स्ना भावाकडे गेली होती. तिला फोन केला. मागे ओवाळणीचा गलका. ती म्हणाली, पंखा सुरू होतानाचं शूटिंग करा. आधी नाव दिसेल, मग फिरेल. आणि अहो, जाताना निदान एक पोतं तांदूळ घेऊन जा.

पहिली सूचना चांगली आहे. दुसरीला वेळ नाही. उद्या सोमवार, दुकानं उशिरा उघडतील.

१२ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला पोटदुखी कळवली. दुपारी सुरगाण्यात. मांडववाला म्हणाला, जनरेटर देतो, पण न्यायला गाडी तुमची. परवा सोबत आलेला त्याचा टेम्पो लग्नाला गेलेला. स्टँडवर सगळ्या जीप भरलेल्या. एकच रिकामी. विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, मुकादमाची हाय, वर पाड्यावरच जायची. मुकादम शेजारीच चहा पीत होता. म्हणाला, बसा ना साहेब. डिझेलचं तेवढं बघा. मी बघितलं. कॅमेऱ्याच्या हप्त्याचे पैसे होते.

वाटेत तो मोकळेपणाने बोलला. म्हणाला, बरं झालं तुमी भेटले, नायतर एवढी चढण रिकामीच चढायची होती. माणूस बोलका आहे. ओळख पुढे उपयोगी पडेल.

जीप पाड्यात शिरली तशी घरांतून माणसं बाहेर आली. गोरक्षही आला. त्याने आधी जीपकडे पाहिलं, मग पुढच्या सीटवर माझ्याकडे. म्हणाला, सर, तुमी हिच्यात?

मी म्हटलं, जनरेटर आहे मागे.

शूटिंग पहिल्याच झटक्यात जमलं. ‘कै.’, ‘पुंजा रामजी’, ‘यांच्या स्मरणार्थ’, अगदी वाचता येतं, मग पातं सरकतं, मग सगळं एक होतं. खाली मुलं. नवसाने वर बघत मोठ्याने नाव वाचलं, तेही आलं आहे. आवाज स्पष्ट. वाल्मीकराव रडतील.

बाहेर येऊन कुसाबाईला सांगितलं, काम झालं. उद्या नाशिकला जाऊन पाठवतो. आठ दिवसांत धान्य इथे. ती भांडी पोत्यात भरत होती. हात थांबवला नाही. म्हणाली, ठेवते ना दादा. मी कुटं नाय म्हन्ते. पन आट दिस पोरीनं काय खायाचं?

मी म्हटलं, अंबूबाई आहेत. अंबूबाई तिथेच बसली होती. म्हणाली, मी रांधीन. काय रांधू ते आना.

गोरक्षने विचारलं, सर, पाकिटातलं धान्य तेवढं तरी आनलं असंल. मी त्याला शूटिंग दाखवलं. त्याने पूर्ण पाहिलं. कॅमेरा दोन्ही हातांनी परत दिला.

नवसाने विचारलं, सर, फेब्रुवारीत परीक्षेला यायला देतील का मुकादम? मी म्हटलं, अगं, तू जाणारच नाहीस. ती बरं म्हणाली. मग आईला पोत्याचं तोंड धरायला गेली.

आज इथेच मुक्काम. मुकादम आणि ड्रायव्हर समाजमंदिरात झोपले आहेत, मीही. मनातल्या मनात ब्लॉगचा पुढचा मजकूर जुळवला. मथळा: ‘आणि पंखा फिरला’. एकूण दिवस यशस्वी. माणसं अजून तयारीची आवराआवर करतात, ती सवयीने. सकाळी शांतपणे समजावलं की थांबतील.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी जीप निघाली. पाड्यावरून उतरायला दुसरी गाडी नव्हती. मुकादमाने मला पुढे बसवलं. मोठी माणसं टपावर, मुलं मागे जनरेटरला टेकून. नवसा धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. सुरगाण्यात जनरेटर उतरवला, मग मुलांना पाय पसरता आले. दिंडोरीच्या अलीकडे एका बागेपाशी ते सगळे उतरले. मी पुढे स्टँडवर उतरून नाशिकची एसटी धरली.