आईच्या खोलीची काळी भिंत आणि तांब्याची सळई

ती. स्व. एदेल्मिराताईस,

धाकट्या निकासियोचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझी दाढ आता ठणकत नसेल अशी आशा आहे. भावजींचं ब्लडप्रेशर कसं आहे? त्यांना मीठ कमी देतेस ना? इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हा शब्द लिहिताना पेन जरा घसरलं, त्याचा काही अर्थ काढू नकोस.) आईचा खोकला गेला. तेव्हा एक ऑगस्टला ट्रक आणून आईला शहरात उचलून न्यायचं जे तू ठरवलं आहेस, त्याची आता गरज उरलेली नाही, हे कळवायला म्हणून लिहितो आहे. खरं तर पत्र इथेच संपायला हवं. पण गप्प बसलं की माझी भीती वाढते, म्हणून पुढे लिहितो.

गेल्या हिवाळ्यात तू अंगणात उभी राहून, माझ्या मित्राच्या, फोर्तुनातोच्या देखत, मला काय बोललीस ते मी विसरलेलो नाही. "उशाजवळच्या पेल्यातलं पाणी गोठतं या खोलीत, आणि तिथे तू माझ्या आईला झोपवतोस? हिवाळा सरता सरता ऑगस्ट म्हाताऱ्यांना घेऊन जातो, ठाऊक आहे ना?" (आई माझीही आहे, पण ते त्या वेळी सुचलं नाही.) आईने तेव्हाच सांगितलं होतं की तिच्या लामांच्या कळपापासून आणि तिच्या अंगणापासून तिला तोडलं तर ती शहरात आठवडाभरही टिकायची नाही. मग माझ्यापुढे काय उरलं? एकतर खोली ऊबदार करायची, नाहीतर आईला गमावायची. म्हणून मी पंचायतीच्या सौरऊर्जेच्या शिबिरात नाव घातलं. बाकी सगळी पोरं विशीतली. शिकवणाऱ्या बाईंनी मला पुढच्या बाकावर बसवलं, आणि तारा जोडायची सोल्डरिंग आयर्न हातात दिली तेव्हा मी ती दोन हातांनी धरली.

भिंत मी एकट्याने केली. आईच्या खोलीची उत्तरेकडची भिंत, जिच्यावर आपल्याकडे हिवाळाभर ऊन असतं, ती काळी रंगवायची, तिच्यापुढे वीतभर जागा सोडून काचा उभ्या करायच्या, आणि भिंतीला वर-खाली भोकं पाडायची. काचेमागची तापलेली हवा वरच्या भोकांतून खोलीत येते आणि खोलीतली गार हवा खालच्या भोकांतून तापायला जाते. ऊन उतरलं की भोकं झाकायची, नाहीतर हीच भिंत सगळी ऊब परत पळवते. लाकूड नको, गॅस नको. मला आधी भिंत पडेल अशी भीती वाटली, मग काच फुटेल अशी, मग भोकांतून विंचू येईल अशी. (इतक्या उंचावरच्या थंडीत विंचू नसतात, हे मला माहीत आहे. माझ्या भीतीला माहीत नाही.) काचांचे पाय वाऱ्याने सरकू नयेत म्हणून त्यांना जड दगड लावायला हवे होते. अंगणाच्या कोपऱ्यात पांढरे दगड दिसले, ते उचलून लावले. या दगडांबद्दल पुढे लिहायचं आहे, पण आत्ताच धैर्य होत नाही.

काळा रंग लोकांना काय सांगेल, हे मात्र कुणालाच सुचलं नाही, शिबिरातल्या बाईंनाही नाही. दुसऱ्या सकाळी सगळं विल्ते घराणं मेणबत्त्या आणि चघळायच्या कोकाच्या पानांची पिशवी घेऊन दारात हजर. त्यांनी डोंगरावरून पाहिलं होतं की म्हातारीची भिंत काळी झाली, म्हणजे म्हातारी गेली. बायकांनी आल्या आल्या गळा काढला, आणि आई चुलीपाशी बसून मका सोलते आहे हे पाहून एकीने तर आणखी मोठ्याने काढला. आई म्हणाली, "आलाच आहात तर बसा. मेणबत्त्या तेवढ्या ठेवून जा, वाया जायच्या नाहीत." ते हसले, मी हसू शकलो नाही. जिवंत माणसाच्या दारी रडणं येऊन गेलं, हे मला मुळीच बरं वाटलं नाही. त्या दिवशी मी मनगटाला डाव्या पिळाचा लोकरीचा दोरा बांधला. अरिष्ट टळावं म्हणून लोक तो ऑगस्टमध्ये बांधतात, मी जूनमध्येच बांधला. आता माझ्या दोन्ही मनगटांवर आणि एका घोट्यावर आहे.

मग तू पाठवलेल्या वाफाऱ्याच्या यंत्रासाठी सोलर पॅनेल आणि बॅटरी बसवली. सगळं नीट चालू झालं, फक्त इन्व्हर्टरच्या पेटीला हात लावला की रोसेंदाला झिणझिण्या यायच्या. ती म्हणाली, "तुझ्या आईला ऊब द्यायला बायको भाजून काढणार आहेस का?" बाईंनी बजावलं होतं की तांब्याची सळई जमिनीत ठोकून अर्थिंग करा आणि जमीन ओलसर बघा. आपल्याकडे जुलैच्या कोरड्या थंडीत ओलसर जमीन कुठून आणायची? सगळीकडे टिकाव उसळून परत येत होता. सगळे बारशाला गेले असताना मी अंगणभर सळई टोचत फिरलो, आणि कोपऱ्यात एका जागी ती लोण्यात जावी तशी आत गेली. मला वाटलं, देवच पावला. मी आनंदाने घणाचे घाव घातले. खालून काहीतरी कडकन फुटल्याचा आवाज आला, आणि सळईच्या कडेने चिचेचा, मक्याच्या दारूचा आंबूस वास वर आला.

ताई, तुला कळलं असेलच. ते आपल्या पाचामामाचं, धरतीआईचं तोंड होतं. दर ऑगस्टला जिथे आपण खड्डा उघडून पुरलेल्या मडक्यातून तिला जेवू घालतो, चिचा पाजतो, तेच. एवढी वर्षं ओतलेल्या चिचेने तेवढीच जमीन मऊ राहिली होती, आणि खुणेचे पांढरे दगड मी आधीच काचांना लावून बसलो होतो. सळई उपटायला गेलो तर ती तसूभर हलेना. फोर्तुनातोला (तो आमच्या पोरीचा धर्मबाप, म्हणून त्यालाच सांगितलं) काचेपाशी उन्हात बसवून कानात सगळं सांगितलं. त्याने कोकाची आणखी दोन पानं गालात सारली. मग म्हणाला, "वर्षभर उपाशी असलेल्या आईच्या तोंडात खिळा ठोकलास, मर्दा. आणि वर त्यात करंट सोडलास." मी म्हटलं, करंट सोडलेला नाही, चुकून आला तरच तिकडे जाईल. तो म्हणाला, "हे तिला समजावून सांग."

तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. सळई ठेवली तर धरतीआई कोपणार, कापून टाकली तर रोसेंदाला शॉक बसणार. मी घरात रबरी बूट घालून वावरतो. सतापाचा पाला घातलेली दारू वर्षभर बाधा होऊ नये म्हणून एक ऑगस्टला घ्यायची असते, मी रोज सकाळी घोटभर घेतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आई. खोली ऊबदार आहे, पेल्यातलं पाणी गोठत नाही, खोकला नाही, आणि तरी ती वाळत चालली आहे. अर्धं जेवून उठते, उरलेलं ताट घेऊन आपल्या खोलीकडे जाते, आणि विचारलं तर म्हणते भूक नाही. मला कळून चुकलं आहे की थंडीपासून मी तिला सोडवलं आणि त्याच हाताने जमिनीला देऊन टाकलं. हे मी कुणालाही बोललेलो नाही. पण काळजीचं काही कारण नाही, तू अजिबात येऊ नकोस.

भावजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझा,
निकासियो तोलाबा

ता. क. येऊ नकोस असं वर लिहिलं आहे. पण समजा आलीसच, तर बाजारातून मातीचं एक मोठं मडकं आण. रुंद तोंडाचं. कशाला, ते भावजींना सांगू नकोस.

ता. क. दोन. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आईने हाक मारली. म्हणाली, "त्या काचेला पाठ लावून तुम्ही दोघं जे कुजबुजता ना, ते भिंतीच्या भोकांतून मला सगळं ऐकू येतं. फोर्तुनातोचे ढेकरसुद्धा." मग ती म्हणाली की अर्धं ताट ती रोज अंगणात नेते आणि माझ्या सळईच्या बुडाशी ठेवते. "धरतीला सांगते, पोरगं घाबरट आहे, पण त्याने केलं ते माझ्या छातीसाठी केलं. रागवायचंच तर माझ्यावर रागाव, त्याला सोड." ताई, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो, रबरी बुटांसकट. आजपासून तिकडचं ताट मी वेगळं वाढून नेणार, आणि आई तिचं पूर्ण संपवेपर्यंत समोरून हलणार नाही. सळई काढायची नाही असा तिचा हुकूम आहे. म्हणते, एवढं ओढून निघत नाही म्हणजे खालून तिने धरली आहे. (हे ऐकून मला धीर यायला हवा होता. नाही आला.)

ता. क. तीन. एक ऑगस्टला सळईच्या शेजारी नवा खड्डा उघडायचा आणि पहिला घास मी भरवायचा, असं आईने ठरवलं आहे. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी, आणि आपल्या रीतीप्रमाणे जोडीने. रोसेंदा म्हणते, "मी नाही बसायची तुझ्याशेजारी. धरती तुला ओढायला गेली आणि माझा पाय सापडला तर?" फोर्तुनातोची कंबर कालपासून धरली आहे. आई बसते म्हणते, पण त्या खड्ड्याच्या काठावर आईला बघायची माझ्यात ताकद नाही. माझे हात थरथरतील, अर्धं बाहेर सांडेल, हे मला आत्ताच दिसतं आहे. आई म्हणते, सांडलं तरी जमिनीवरच सांडेल. ते खरं आहे, पण ताई, तू ये. माझ्याशेजारी बस आणि माझं मनगट घट्ट धर. पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.