सरदार एडका नाटकात गेला त्याची हकीकत

पूनमअक्का,

थोरल्या बहिनीला वाकून नमस्कार. आपला सरदार एडका चोरीला गेला न्हाय, मीच सोलापूरला आनलाय. आता खाली बस, पानी पी, मग म्होरचं वाच. आईचं गुडघं कसं हायती? आबाचा राग कसा हाय? फोन केला असता, पर घरातला फोन आबाच्या खिशात. आन आबाला कळलं तर माझं कालेज संपलं. "एक भानगड कानावर आली, की दुसऱ्या दिवशी मेंढरामागं," आसं त्यानं हॉस्टेलच्या दारातच सांगितलंय.

पर चूक पाळकसाहेबांची हाय. हे आमच्या ख्रिस्ती कालेजातल्या चर्चचं मोठं मानूस. पैल्याच दिवशी म्हनले, पैलं वरीस परत येत न्हाय, समद्यात भाग घ्या. (मी पैलं वरीस दोनदा करायच्या तयारीनं आल्तो, तरी ऐकलं.) गायनात गेलो, तर सर म्हनले, तू नुसतं तोंड हालव. श्रमदानात गेलो, तितं पोहे असत्यात. मग आलं नाताळचं नाटक. येशूबाळ जलमलं तवा पैल्यांदा बघाय कोन गेलं, ठावं हाय का? मेंढपाळ! म्हंजे आपलीच मानसं की. तो पार्ट मला दिला. पर उत्कर्षामॅडमनी पुठ्ठ्याला कापूस चिकटवून मेंढरं केल्याली. मी म्हनलो, "मॅडम, ही मेंढरं न्हाईत, फाटक्या गाद्या हायती." त्या म्हनल्या, "मग आण की खरी!" अक्का, आपल्या घरान्याला आसं बोलल्यावर मी गप बसू व्हय? शनवारी घरला आल्तो ते त्यापायीच. सरदार भाजीच्या टेम्पोत फ्लावरवर बसून आला. (निम्मा फ्लावर त्याच्या पोटातनं आला.)

नाटकात त्यानं आदी बाळाखालचं गवात खाल्लं. तितपत ठीक. पर श्रीमंत नावाचा माझा रूममेट, पूर्वेकडचा शाना राजा झाल्याला, बाळाम्होरं वाकला, आन त्याची पाठ सरदाराकडं. अशी धडक बसली, की राजा मुकुटासकट मरियेच्या मांडीवर! मी म्हनलो, बाळ जलमलंय, आपल्याकडं काय करत्यात? खिशातला भंडारा काढला, उधळला आन वरडलो, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" तर मागनं माळशिरस-सांगोल्याची समदी पोरं, "चांगभलं!" पैल्या रांगंत पाळकसाहेब पिवळंधमक. आता काढत्यात म्हून मी डोळं मिटलं. तर ते हासून म्हनले, "मेंढपाळ आपल्या रीतीनंच आनंद करणार की."

तुझा धाकटा,
मल्हार

ता. क. खरं काम ऱ्हायलंच. ऐतवारी टेम्पोतनं सरदार येतोय. तवा आबाला कुटंतरी लांब धाड.

ता. क. दुसरा. टेम्पोचं ऱ्हाऊ दे. आबाच हितं आलाय. चोरीचा माल बाजारात येतोय म्हून सोलापूरच्या जनावरांच्या बाजारात हुडकाय आला, आन जाता जाता माझ्यासंगं जेवाय थांबला. हॉस्टेलच्या मागनं सरदार वरडला. मी खाटंखाली. श्रीमंतानं मोबाइलवर नाटक दावलं. चांगभलं आलं तसं आबानं टोपी सारकी केली, हात जोडले, आन मग खाटंवर बसून त्याचं तोंडच उतरलं. त्यानं म्हनं गावातल्या सयाजीतात्यावर सरदार चोरल्याचा आळ घेऊन त्याला देवळात, चार मानसांत शपथ घ्याय लावली! आता आमचं ठरलंय: सरदार वढ्याकडंला गावला, मी कालेजातच, व्हिडिओ पुसला.

अक्का, पाया पडतो, कुनाला सांगू नको. हे आबा शेजारी बसून लिहाय लावतोय. तो पन पाया पडला असता, पर तू लेक पडतीस.