उशिरा आलेलं पेडल

लोहा

प्रिय संघपाल,

जयभीम. पत्र बघून घाबरू नको, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या मायचा गुडघा दुखतो तेवढाच. फोनवरच बोललो असतो, पण गिटारचं नाव काढलं की तू “अण्णा, दुसरं बोला” म्हणतोस आणि मला दुसरं सुचेपर्यंत फोन ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही. आपल्या गल्लीतला आनंदराज कार्यक्रमाला लातूरला येतोय, त्याच्या हाती हे देतोय. त्याला सांगून ठेवलंय, पोराचं वाचून होईपर्यंत उठू नको, आमच्या लेकीकडून, पंचशीलाकडून आणखी एक चहा मागून घे.

हाताला तेल लावतोस का? लावत नसशील. पंचशीला म्हणते, दवाखान्याच्या खेपा संपल्या तरी तू तिच्याकडेच राहून मोबाईलच्या दुकानात बसतोस, उजव्या हातानं सगळं करतोस आणि डावा खिशात ठेवतोस. गाडी घसरली त्या दिवसापासून मला रस्त्यावर ब्रेकचा आवाज आला तरी धस्स होतं. मधली दोन बोटं आता वाकणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तू मान हलवलीस आणि विचारलंस ते एवढंच, की गाडीचं काय झालं. मला तेच खुपून राहिलंय. रडला असतास तर बरं झालं असतं. मग एक दिवस तुझा फोन आला, की उदगीरचा उमाशंकर गिटार विकत घ्यायला येईल, त्याला देऊन टाका. मी हाव म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? गिटार पुसून खाटेवर ठेवली.

पण उमाशंकरच्या आधी पोस्टमन आला. खोक्यावर परदेशातले शिक्के आणि तुझं नाव. मुंबईत कुठं तरी अडकून पडलं होतं म्हणे. मी सही करायला तयार नव्हतो. आत काय असेल, कोणी फसवत तर नसेल, असं मनात येत होतं. तुझी माय पोस्टमनसमोरच म्हणाली, “पोरानं मागवलेली वस्तू हाय, साप न्हाई. घ्या की हातात!” घेतलं. पण उघडायला मन होईना. कपड्यांच्या पेटीत ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. खोक्यावरच्या चिठ्ठीवर तू मागवल्याची तारीख होती, अपघाताच्या आधीची. तुला सांगावं तर जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल, आणि लपवावं तर वस्तू तुझी. शेवटी तुझ्या मायनंच सुरीनं चिकटपट्टी कापली.

तळहाताएवढा लोखंडी डबा निघाला. वर चार बटणं फिरवायची, खाली एक पायानं दाबायचं, आणि एक बारका लाल दिवा. आनंदराजला बोलावलं. तो म्हणाला, “काका, हे गिटारचं पेडल हाय, आवाजाला हेलकावे देणारं फ्लँजर, जुन्या धर्तीचं. आमच्या बेंजोला लावतेत तसलं, पण हे लई भारी.” नवं मशीन घेऊन जुना आवाज कशाला काढायचा, हे मला कळेना. त्यानं घरून आपला स्पीकर आणला, तुझी गिटार जोडली आणि डबा पायाखाली घेतला.

आवाज निघाला आणि मी खाली बसलो. तुला आपली ती कॅसेट आठवते का? आमच्या गायन पार्टीची, नांदेडच्या कार्यक्रमातली. उन्हात राहून तिची फीत ताणली गेली होती आणि माझा आवाज मधेच वर जाऊन, वळसा घेऊन, लांबून परत यायचा. मला त्याची लाज वाटायची, पाहुण्यांसमोर मी ती लावू द्यायचो नाही. तू चड्डीत होतास तेव्हा. तू तेवढाच तुकडा मागं घेऊन घेऊन ऐकायचास आणि म्हणायचास, “अण्णा, बिघडला न्हाई, फिरून आलाय.” हा डबा तसंच करतो, संघपाल. तुझी माय म्हणाली, “कानात पाणी गेल्यावानी वाटून राहिलं,” पण चुलीवरचं सोडून तीही उभीच होती.

आता मी जे बघितलं ते लिहितो. त्याचा अर्थ काय ते मला विचारू नको, मी गिटारवाला नाही आणि डॉक्टरही नाही. आनंदराज पडला बेंजोवाला. गिटारच्या तारा कुठं दाबायच्या हे त्याला येत नाही. त्यानं कुठंच काही दाबलं नाही. मोकळ्या तारांवर उजवा हात एकदा फिरवला आणि पायानं बटण दाबलं. पुढचं सगळं डब्यानं केलं. तो एकच सूर खोलीभर चढत होता, उतरत होता, भिंतीला लागून माघारी येत होता. मी आनंदराजच्या तोंडाकडे बघतच नव्हतो. त्याचा डावा हात मांडीवर पडून होता. रिकामा.

तुला लिहावं की नाही याचा घोर लागला. असलं काही सांगून मी तुला उगीच आशेला लावतोय का? पहिल्यासारखं वाजणार नाही हे मलाही कळतं. तू चिडशील, म्हणशील, अण्णांना काय समजतंय. खरं आहे. पण बघितलेलं मनात ठेवून मला जेवण जाईना.

आणि मग रविवारी उमाशंकर आला. माणूस वाईट नाही. तारा छेडून बघितल्या, मान डोलावली, गिटार पिशवीत घालून खांद्याला लावली. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर गेला आणि मी पिशवीचा पट्टा धरला. म्हटलं, द्यायची न्हाई. तो म्हणाला, “काका, तुमच्याच पोरानं सांगितलंय की.” मी म्हटलं, त्याला माझ्यासमोर सांगू दे. बिचारा उदगीरहून आला होता. तुझ्या मायनं त्याला भाकरी खाऊ घातली. म्हातारं चळलं असं तो जाताना पुटपुटला, ते मी ऐकलं. तू त्याला फोन करशील तेव्हा तो हेच सांगेल, म्हणून त्याच्या आधी मी लिहून राहिलो. वस्तू तुझी, विकायचा हक्क तुझा, मी तुझ्या शब्दाबाहेर गेलो. आनंदराज म्हणत होता, पेडल तरी माझ्याजवळ द्या, लातूरला पोचवतो. दिलं नाही. गिटार इथं आणि पेडल तिथं, काय उपयोग? विकायचीच असेल तर येऊन आपल्या हातानं दे, मी मधे पडणार नाही. रागावला असशील तर तेही फोनवर नको. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं. इथं येऊन रागाव.

तुझाच, दाराकडे तोंड करून बसलेला,
अण्णा