चष्म्याच्या घरातली कॅप्सूल

प्रिय अहो,

हसू नका. जन्मभर एका घरात राहिलो, तेव्हा कधी पत्र लिहायची वेळ आली नाही. पण काल तुमच्या त्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. गुळमारच्या औषधाची चाचणी पुन्हा घेणार आहेत. माझीही साखर आता वाढलीय, तर "मामी, तुम्ही येता का?" असं विचारत होत्या. विचार करून सांगते म्हटलं. आणि विचार करायला बसले की मला तुमच्याशिवाय कोण आहे?

जॉर्ज टाउनच्या झाडपाल्याच्या दुकानातून तो पाला पहिल्यांदा आणलात, आठवतं? दुकानदार त्याला तमिळमध्ये सिरुकुरिंजान म्हणत होता, आणि तुम्ही तिथंच पान चावून त्याला सांगत सुटलात, की हा तर आमच्या साताऱ्याकडचा गुळमार. वेस्ट मांबलमच्या घरी येऊन मलाही चावायला लावलंत आणि माझ्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवलीत. साखर कसली, वाळू! माझं तोंड बघून केवढे हसला होतात तुम्ही.

पण पाडव्याला काय केलंत? रात्रभर चक्का टांगून मी श्रीखंड केलं, आणि तुम्ही जेवणाआधी गुपचूप पाला चावून पानावर बसलात. वर मलाच सांगता, आता मोह होत नाही म्हणून. अहो, मोह जाऊ द्या, माझ्या हाताची चव तरी? त्या दिवशी मी तुमच्याशी धड बोलले नाही. संध्याकाळी उरलेलं श्रीखंड शेजारी देऊन आले.

मग ती चाचणी निघाली. नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि जोडीला एक कॅप्सूल घ्यायची. काहींच्या कॅप्सूलमध्ये गुळमार, काहींच्यात नुसताच भुसा. कुणाला काय मिळालंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. आवडी गावातल्या कारखान्यात जन्मभर माल तपासलात ना तुम्ही, तुम्हाला तर हुरूपच आला. जेवण ठरल्या वेळी, गोड बंद, रोज संध्याकाळी मांबलम स्टेशनपर्यंत चालणं. मलाही ओढून न्यायचात. परतताना फुलवालीपाशी थांबून माझ्यासाठी गजरा घ्यायचात. औषध कुणाला लागू पडलं देव जाणे, माझे ते दिवस फार चांगले गेले.

आणि दवाखान्यातल्या बाकावरची ती मंडळी! कुणीतरी युक्ती काढली. कॅप्सूल उघडायची, पूड जिभेवर, वर चहावाल्याकडची साखर. वाळू लागली तर खरी, गोड लागली तर खोटी. खोटी निघालेले येईनासेच झाले. घरी येऊन किती चिडचिड केलीत तुम्ही. मी मात्र तुमच्या मागेच लागले होते, की अहो, एक उघडून बघू या, नुसता भुसा कशाला गिळायचा?

तेव्हा चष्मा पुसता पुसता तुम्ही म्हणालात, "अगं, मी नमुना आहे. नमुन्यानं बोलायचं नसतं."

तुमची साखर खरंच उतरली. गुळमारचाच गुण, म्हणून सगळ्यांना सांगत होतात. आणि मग एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेलात. हृदयाचं दुखणं कधी बोलला नाहीत. तेही नमुन्यानं बोलायचं नसतं का हो?

उरलेल्या कॅप्सूल मी परत करून आले होते. पण एक तुमच्या चष्म्याच्या घरात राहिली होती, बाहेरगावी लागेल म्हणून ठेवलेली. आज सकाळी ती मी उघडली. रागावू नका, मला राहवलं नाही. पूड जिभेवर ठेवली, वर साखर.

साखर गोड लागली हो.

ओट्याशी उभी राहून खूप रडले. वर्षभर भुसा गिळलात! मग लक्षात आलं, म्हणजे साखर उतरवली ती तुम्हीच. तुमच्या चालण्यानं, तुमच्या हट्टानं. आणि श्रेय देत बसलात त्या पाल्याला!

डॉक्टरीणबाई काल म्हणाल्या, लोकांनी कॅप्सूल उघडल्या म्हणून मागच्या खेपेला काहीच नीट कळलं नाही. आता सरांसारखी माणसं हवीत. आता माझं ठरलंय. उद्या फोन करून हो म्हणणार आहे.

तुमची उघडली. माझी उघडणार नाही. खरी असो की भुसा, रोज घेईन, स्टेशनपर्यंत चालेन आणि गजरा माझा मीच घेईन.

तुमची,
मंदा