आतली कडी

३ ऑक्टोबर
काळेवाडीत खोली मिळाली. पत्र्याची, पण माझी एकटीची. घरमालकीण सुभद्रामावशी तोंडानं फटकळ, हातानं सढळ. आल्याआल्या पिठलं-भाकरी पुढं ठेवली. उद्यापासून चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर. आणि दाराला आतून कडी आहे, चांगली जाडजूड. उगाचच लावून-काढून पाहिली. हसू आलं.

परभणीच्या घरी आईनं माझी कडी काढून टाकली होती. चुलतभाऊ सुजितनं माझ्यावर जबरदस्ती केली, तेव्हापासून मी दार लावून बसायचे. पोरगी जिवाचं बरंवाईट करेल, ही आईला भीती. त्याला मात्र कुणी चकार शब्द बोललं नाही. घरातलं घरात राहू दे, आई म्हणाली.

१२ ऑक्टोबर
शिफ्ट करून आले नि कडी लावून मेल्यासारखी झोपले. अशी झोप किती महिन्यांनी! उठले तर दारात ही गर्दी. मावशी हाका मारून दमल्या आणि घाबरून त्यांनी आईला फोन लावला.

१३ ऑक्टोबर
कामावरून आले तर कडी गायब. स्क्रूची भोकं तेवढी उरलीत. आईनंच काढायला सांगितली म्हणे. मी भांडले. मावशींनी हातात चकल्या ठेवल्या. राग आला. चकल्या चांगल्या झाल्या होत्या, त्याचाही आला.

१८ ऑक्टोबर
झोप नाही. वाऱ्यानं दार हललं की उठून बसते. लाइनवर डुलकी लागली, सुपरवायझरनं झापलं. दाराआडून सुजितच्या केसांच्या तेलाचा वास येतो. उघडून बघते तर मावशींची मांजर.

२१ ऑक्टोबर
सुजितला तळेगावात नोकरी लागली. आई त्याला भाऊबीजेला इकडं पाठवतेय. ओवाळलं की मनातलं निघून जातं म्हणाली.
मावशींना सगळं सांगितलं. सणासुदीला भावाबद्दल असं बोलू न्हाई, म्हणाल्या नि वाती वळायला बसल्या.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
मावशींनी माझ्याच खोलीत पाट मांडलाय. निरांजन, सुपारी, सगळं तयार. तोच वास—

पायरीवर चपला काढल्या कुणीतरी.

दार लोटलं. त्याच्यासाठीचा पाट दाराला लावून पाठ टेकून बसलेय. मावशी म्हणतात, उघड गं, भाऊच हाय तुझा.

ओरडून सांगितलं. याच भावानं माझ्यावर जबरदस्ती केली. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असेल.

मग मावशींचा आवाज, हळू, त्याला— जोर लाव बाबा, आतनं कडी न्हाई, मीच काढलीया—

पाट सरक—