मावशींसाठी वकील शोधताना

३ मार्च
कामगारांच्या मीटिंगमध्ये एकमताने माझी निवड. सगळ्यांसाठी एक चांगला वकील आणि एक पैशाचा सल्लागार शोधायचा. निमित्त पॅकिंगच्या मावशींचं. खोके कापायच्या मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मॅनेजरने कागद पुढे केलाय, सही करा आणि विषय संपवा. भरपाईचा अर्ज करायचा तर ३१ तारखेपर्यंत. मी म्हटलं, सही करू नका, मी आहे ना. मावशी म्हणाल्या, तू आहेस म्हणूनच गप्प आहे. बरं वाटलं.
उद्यापासून सुरुवात.

५ मार्च
काल जमलं नाही. आधी पद्धत हवी. नवी वही आणली, रकाने आखले: नाव, पदवी, अनुभव, स्वभाव. स्वभावाचं दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

९ मार्च
एका वकिलाकडे गेलो. बाहेर बाकावर आठ माणसं. एवढ्या गर्दीत तो आपल्याकडे काय लक्ष देणार? परत आलो.

११ मार्च
दुसऱ्याकडे चिटपाखरू नव्हतं. ज्याच्याकडे कोणी जात नाही त्याच्याकडे आपण का जावं? परत आलो.

१५ मार्च
बायको म्हणाली, ओळखीचं कोणी बघा. एकदम मेहुणा आठवला. विमा विकतो, पण कार्डावर 'फायनान्स व लीगल' छापलंय. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्सही केलाय. पदवी: कोर्स. स्वभाव: घरचा.

१८ मार्च
मेहुणा टाय लावून कँटीनमध्ये आला. मावशींना अर्धा तास पेन्शन प्लॅन समजावला. मावशींनी पट्टी बांधलेला हात टेबलाखाली घेतला. अर्जाचं विचारल्यावर म्हणाला, घाई नको, मुदत वाढतेच. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. जरा जास्तच डोलावली.

२४ मार्च
फोरमन विचारत होता, वकील मिळाला का. म्हटलं, प्रोसेस चालू आहे. मावशी आता डाव्या हाताने लेबलं लावतात. मी हल्ली मागच्या दाराने जातो. तिकडून पार्किंग जवळ पडतं. मला गाडी नाही.

२९ मार्च
मेहुण्याला फोन. मुदत वाढते हे कुठे वाचलंस? म्हणाला, साधारणपणे वाढते. कशाची? साधारणपणे सगळ्याचीच.
उद्या रजा. वकील शोधूनच घरी येणार.

३० मार्च
सकाळी पोट बिघडलं. दुपारी बरं वाटलं, पण दुपारी वकील कोर्टात असतात.

३१ मार्च, संध्याकाळ
सकाळीच मावशींच्या घरी गेलो. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. मावशी आणि त्यांची मुलगी निघायच्याच तयारीत होत्या. कोर्टाच्या आवारात कामगारांसाठी मोफत सल्ला केंद्र आहे म्हणे. मुलीने काल एक फोन केला आणि आजची वेळ मिळाली. एक फोन. मावशी म्हणाल्या, बोटं गेली तेव्हा शेजारच्या मशीनवर तूच होतास, साक्षीदार म्हणून येतोस का?
गेलो. वकीलबाई वयाने लहान, पण कामात पक्क्या. अर्ज दाखल झाला. मग त्यांनी विचारलं, शेवटच्या दिवसापर्यंत थांबायला कोणी सांगितलं? हे पुढे सुनावणीत निघू शकतं.
मावशी म्हणाल्या, कोणी नाही, माझाच आळस.
वकीलबाईंनी ते तसंच लिहून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. साक्षीदार म्हणून खाली सही केली.